सच्चा कोण, लबाड कोण? खऱ्या-खोट्याची कोडी सोडवायची पद्धत

इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या क्लासांमध्ये ह्या प्रकाराला ‘बायनरी लॉजिक’ म्हणतात आणि स्पर्धा परीक्षांच्या रीजनिंगमध्ये तो हमखास भेटतो. घरी त्याला नावसुद्धा लागत नाही. ‘एक नेहमी खरं बोलतो, दुसरा नेहमी खोटं’ एवढं म्हटलं, की समोरचा सावरून बसतो. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मलियन (१९१९–२०१७) यांनी १९७८ पासून आपल्या पुस्तकांतून ही कोडी जगभर पोचवली. त्यांच्या कोड्यांत एक बेट असतं. आपण मात्र इंदूरच्या सराफ्यातच राहू. रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की तिथे खाण्याचे ठेले लागतात, त्यामुळे हवी तेवढी पात्रं एका रांगेत मिळतात.

पात्रं तीन: भुट्ट्याचा कीस विकणारा कीसवाला, गराडू म्हणजे तळलेला कंद विकणारा गराडूवाला आणि जिलेबीवाला. वहीत लिहिताना क, ग आणि ज. ह्यांतला प्रत्येक जण एक तर सच्चा आहे, म्हणजे त्याचं प्रत्येक वाक्य खरं, नाही तर लबाड आहे, म्हणजे प्रत्येक वाक्य खोटं. ते एकमेकांना पुरते ओळखतात. आपण कुणालाच ओळखत नाही.

सगळं काम करणारा एक नियम

बहुतेक जण वाक्य वाचतात आणि ‘हे पटण्यासारखं आहे का?’ असा विचार करत बसतात. इथेच गाडं अडतं. एकटं वाक्य काहीच सांगत नाही. बोलणारा आणि त्याचं वाक्य ह्यांची जोडी जुळते का, एवढंच बघायचं.

सच्च्याला १ द्या, लबाडाला ०. खऱ्या वाक्याला १, खोट्या वाक्याला ०. मग ‘कीसवाला अमुक म्हणाला’ ह्याचा अर्थ एवढाच, की क ची किंमत आणि त्या वाक्याची किंमत सारखी. दोन्हीकडे १ किंवा दोन्हीकडे ०. एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला ० आला, की ती शक्यता खोडायची.

ह्यातून तीन गोष्टी फुकटात मिळतात. त्या पाठच करून टाका.

पहिली: ‘मी सच्चा आहे’ हे वाक्य सच्चाही म्हणेल आणि लबाडही म्हणेल. त्यातून माहिती शून्य. परीक्षेत असं वाक्य दिसलं तर सरळ काट मारून पुढे जा. बऱ्याचदा ते वेळ खायलाच घातलेलं असतं.

दुसरी: ‘मी लबाड आहे’ हे कुणीच म्हणू शकत नाही. सच्चा म्हणाला तर ते खोटं ठरतं, लबाड म्हणाला तर खरं ठरतं. म्हणून गराडूवाला सांगायला लागला, की ‘कीसवाल्याने आपण लबाड असल्याचं स्वतःच कबूल केलं’, तर कीसवाला कोण ते न बघता गराडूवाला लबाड म्हणून लिहून टाका.

तिसरी: ‘अमका लबाड आहे’ असं कुणी म्हटलं, की बोलणारा आणि तो अमका वेगळ्या प्रकारचे. ‘अमका सच्चा आहे’ म्हटलं, की दोघे एकाच प्रकारचे. बोलणारा स्वतः सच्चा की लबाड, ह्याने काही फरक पडत नाही. शंका असेल तर चारही शक्यता एकदा लिहून बघा, मग पुन्हा शंका येणार नाही.

पहिलं कोडं, सावकाश

कीसवाला म्हणतो, ‘मी आणि गराडूवाला, आमच्यापैकी किमान एक जण लबाड आहे.’ गराडूवाला गप्प आहे. कोण कोण आहे?

दोन माणसं म्हणजे चार शक्यता. वहीत चार ओळी घाला. प्रत्येक ओळीत आधी माणसांच्या किमती, मग त्या परिस्थितीत वाक्य खरं की खोटं, आणि शेवटी जोडी जुळली का.

क १, ग १: लबाड कुणीच नाही, वाक्य ०. क १ असताना वाक्य ०, जुळत नाही.
क १, ग ०: एक लबाड आहे, वाक्य १. जुळतं.
क ०, ग १: एक लबाड आहे, वाक्य १. क ० असताना वाक्य १, जुळत नाही.
क ०, ग ०: दोन लबाड, म्हणजे किमान एक आहेच, वाक्य १. जुळत नाही.

एकच ओळ उरली: कीसवाला सच्चा, गराडूवाला लबाड.

एक सवय लावून घ्या. दुसऱ्या ओळीवर उत्तर मिळालं तरी तिथे थांबू नका, उरलेल्या ओळीही तपासा. दोन ओळी उरल्या तर कोड्याला दोन उत्तरं आहेत, एकही उरली नाही तर कोडं मोडकं आहे. ‘क सच्चा धरून बघितलं, जमलं, झालं’ ही घाई ह्या प्रकारातली सगळ्यात महागडी चूक आहे. जमणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. दुसरी बाजू धरल्यावर फसते, हेही दाखवावं लागतं.

तीन माणसांच्या आठ ओळी होतात, चारांच्या सोळा, पाचांच्या बत्तीस. तिघांपर्यंत डोकं न चालवता तक्ता मांडावा, वहीच्या अर्ध्या पानात मावतो. चारांपासून पुढे दुसरी वाट धरावी, ती खाली येते आहे.

लबाडाचं वाक्य उलटायचं कसं

खरी गडबड इथे होते. बोलणारा लबाड ठरला की त्याचं वाक्य खोटं, इथवर सगळे बरोबर येतात. पण खोटं म्हणजे नक्की काय, ह्यावर निम्मे जण घसरतात.

कीसवाला म्हणाला, ‘आम्ही दोघेही लबाड आहोत.’ तो सच्चा असणं शक्यच नाही, म्हणून तो लबाड आणि वाक्य खोटं. आता घाईत ‘म्हणजे दोघेही सच्चे’ असं लिहिलं, तर आत्ताच लबाड ठरवलेला कीसवाला पुढच्याच ओळीत सच्चा होऊन बसतो. ‘दोघेही लबाड’ हे खोटं, म्हणजे ‘किमान एक सच्चा’. कीसवाला तर सच्चा नाही, म्हणून गराडूवाला सच्चा.

नेहमी लागणारी उलटी रूपं अशी:

‘सगळे लबाड’ खोटं असेल तर किमान एक सच्चा.
‘एकही लबाड नाही’ खोटं असेल तर किमान एक लबाड.
‘किमान दोन लबाड’ खोटं असेल तर लबाड शून्य किंवा एक.
‘नेमके दोन लबाड’ खोटं असेल तर दोन सोडून कितीही. दोनापेक्षा कमीच असं नाही, जास्तही चालतील.
‘हा किंवा तो लबाड’ खोटं असेल तर दोघेही सच्चे.
‘हा आणि तो दोघेही लबाड’ खोटं असेल तर त्यांच्यात किमान एक सच्चा.

क्रीट बेटावरच्या एपिमेनिडीसच्या नावावर ‘सगळे क्रीटवासी खोटारडे’ हे वाक्य सांगितलं जातं आणि लोक त्याला मोठा विरोधाभास समजतात. आपल्या नियमाने तपासलं तर तसं काही नाही. समजा एक इंदूरकर म्हणाला, ‘सगळे इंदूरकर लबाड आहेत.’ तो सच्चा असूच शकत नाही. म्हणून तो लबाड, वाक्य खोटं, आणि इंदुरात किमान एक माणूस सच्चा आहे. बस, एवढंच निघतं. बाकीचे सगळे लबाडच आहेत असं आधीच ठाऊक नसेल, तर खरा पेच फक्त तेव्हाच, जेव्हा इंदुरात तो एकटाच राहत असेल. म्हणजे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा नाही.

जर-तरचं वाक्य आलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. नियम सोपा आहे: ‘जर अ, तर ब’ हे एकाच परिस्थितीत खोटं ठरतं, अ खरं असून ब खोटं निघालं तर. अ मुळातच खोटं असेल, तर पूर्ण वाक्य खरं धरायचं. बोलण्यात आपण असं धरत नाही, पण कोड्यांत हाच संकेत आहे आणि तो न पाळल्यास उत्तर निघत नाही.

कीसवाला म्हणतो, ‘मी सच्चा असेन, तर गराडूवालाही सच्चा आहे.’ तो लबाड आहे असं धरा. मग ‘मी सच्चा असेन’ हा भाग खोटा, म्हणून अख्खं जर-तर खरं. पण लबाडाच्या तोंडून खरं वाक्य येणार नाही. ही वाट बंद. म्हणून तो सच्चा, त्याचं वाक्य खरं, आणि जरची अट पुरी झाली म्हणून गराडूवालाही सच्चा. वाक्य ऐकताना ह्यातलं काहीच जाणवत नाही, ही ह्या कोड्याची गंमत.

वाक्य नीट वाचा हेही सांगायलाच हवं. ‘आमच्या दोघांतला एक लबाड आहे’ ह्यात किमान एक म्हणायचंय की नेमका एक? किमान धरलं तर वर दाखवल्याप्रमाणे एकच उत्तर. नेमका धरलं तर दोन ओळी उरतात: क १, ग ० आणि क ०, ग ०. म्हणजे गराडूवाला लबाड हे पक्कं, कीसवाला मात्र काहीही असू शकतो. अशा वेळी प्रश्न काय विचारलाय ते बघा. ‘गराडूवाला कोण?’ असं विचारलं असेल तर उत्तर आहे. ‘दोघे कोण?’ असं विचारलं असेल तर ‘सांगता येत नाही’ हाच पर्याय बरोबर. तसंच ‘सगळे लबाड नाहीत’ हे वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येतं. स्वतः कोडं लिहिताना ‘एकही लबाड नाही’ किंवा ‘किमान एक जण सच्चा आहे’ असं स्पष्ट लिहा.

माणसं वाढली की रेघा ओढा

राजवाड्याजवळ कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी चार म्हातारे बसलेत: आबा, बापू, काका आणि दादा.

आबा म्हणतात, ‘बापू लबाड आहेत.’
बापू म्हणतात, ‘काका सच्चे आहेत.’
काका म्हणतात, ‘दादा लबाड आहेत.’
दादा म्हणतात, ‘आबा सच्चे आहेत.’

सोळा ओळींचा तक्ता मांडू नका. कागदावर चार ठिपके काढा. ‘सच्चा’ म्हटलं तिथे सरळ रेघ, म्हणजे दोघे एकसारखे. ‘लबाड’ म्हटलं तिथे नागमोडी रेघ, म्हणजे दोघे वेगळे. आता आबांना १ देऊन रेघांवरून चालत जा. नागमोडी रेघ ओलांडली की किंमत बदलते, सरळ ओलांडली की तीच राहते. आबा १, बापू ०, काका ०, दादा १, आणि परत आबा १. फेरी बंद झाली आणि किंमत जुळली. आबांना ० देऊन सुरुवात केली तर सगळं बरोबर उलट येतं: आबा ०, बापू १, काका १, दादा ०. सोळा शक्यतांमधून दोन उरल्या, तेही काही न लिहिता.

ह्यातून एक झटपट कसोटी मिळते. बंद फेरीत नागमोडी रेघा सम असतील तर फेरी जुळते, विषम असतील तर कधीच जुळत नाही. गोल टेबलाभोवती सात जण बसलेत आणि प्रत्येक जण ‘माझ्या उजवीकडचा लबाड’ म्हणतोय, असं कोणी कोडं घातलं तर सोडवत बसू नका. सात नागमोडी रेघांची फेरी बंद होऊच शकत नाही. आठ जण असते तर एकाआड एक सच्चे-लबाड बसले असते.

आता चौघांचं उत्तर एकावर आणायला आणखी एक वाक्य लागेल. समजा काका पुढे म्हणाले, ‘आम्हा चौघांत तीन लबाड आहेत.’ वरच्या दोन्ही शक्यतांत लबाड दोनच होते. म्हणजे काकांचं वाक्य कसंही खोटं, काका लबाड. मग बापू लबाड, आणि आबा व दादा सच्चे. एकही शक्यता वेगळी तपासावी लागली नाही. संख्येचं वाक्य आलं की हीच युक्ती आधी वापरून बघा: सगळ्या उरलेल्या शक्यतांत संख्या एकच येते का?

सुरुवात कुणापासून करायची हाही प्रश्न असतो. ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त लोक बोलतात त्याला धरा. तो १ की ० एवढे दोनच फाटे पडतात आणि बाकीचे आपोआप ठरत जातात. स्वतःबद्दलही काही बोलणारा, म्हणजे ‘आम्ही दोघे’, ‘आमच्यापैकी’ वगैरे, हा दुसरा चांगला उमेदवार. अशा वाक्यांत एक बाजू बहुधा लगेच फसते.

छप्पन दुकानांचं कोडं

माणसं फार झाली की माणसं मोजायची नसतात, खरी वाक्यं मोजायची असतात. न्यू पलासियातल्या छप्पन दुकानांचे ५६ दुकानदार रांगेत उभे करा. पहिला म्हणतो, ‘आम्हा ५६ जणांत किमान १ लबाड आहे.’ दुसरा म्हणतो, ‘किमान २ लबाड आहेत.’ तिसरा, ‘किमान ३.’ असं करत छप्पन्नावा म्हणतो, ‘किमान ५६.’ लबाड किती आणि कोण?

एकूण लबाड ल मानू. मग १ पासून ल पर्यंतच्या दुकानदारांची वाक्यं खरी आणि त्यापुढची सगळी खोटी. म्हणजे सच्चे बरोबर ल. पण लबाडही ल. दोघांची बेरीज ५६, म्हणून ल म्हणजे २८. पहिले २८ सच्चे, शेवटचे २८ लबाड.

आता एका दुकानाला कुलूप आहे असं समजा आणि हेच ५५ जणांकडून वदवा. ल दुप्पट केल्यावर ५५ यायला हवेत, ते येत नाहीत. कोड्याला उत्तरच नाही. एक माणूस कमी केल्याने अख्खं कोडं कोसळतं, म्हणून आकडा बदलून कोडं पुढे पाठवताना सांभाळा.

आणि ‘किमान’च्या जागी ‘नेमके’ घातलं तर? पहिला म्हणतो ‘नेमका १ लबाड’, दुसरा ‘नेमके २’, छप्पन्नावा ‘नेमके ५६’. ही वाक्यं एकमेकांना कापतात, म्हणून जास्तीत जास्त एकच खरं. एकही खरं नसेल तर सगळे ५६ लबाड, पण मग छप्पन्नाव्याचं वाक्य खरं होऊन बसतं. म्हणून बरोबर एक खरं, लबाड ५५, आणि सच्चा फक्त पंचावन्नावा. एका शब्दाने २८ चे ५५ झाले.

डब्यांवरच्या चिठ्ठ्या

हा प्रकार सराफ्याच्या दिवसाच्या पाळीतला. लाल, हिरवी आणि पिवळी अशा तीन डब्या आहेत, एकीत अंगठी आहे. लाल डबीवर लिहिलंय, ‘अंगठी हिरव्या किंवा पिवळ्या डबीत आहे.’ हिरवीवर, ‘अंगठी ह्या डबीत नाही.’ पिवळीवर, ‘अंगठी लाल डबीत आहे.’ तीनपैकी नेमकी एक चिठ्ठी खरी.

एकमेकींच्या बरोबर उलट असलेल्या दोन चिठ्ठ्या शोधा. लाल आणि पिवळी तशा आहेत, म्हणून त्यांतली नेमकी एक खरी, कुठली ते कळायची गरज नाही. खरेपणाचा एकुलता एक वाटा तिथेच संपला. हिरवी चिठ्ठी खोटी, म्हणून अंगठी हिरव्या डबीत.

‘नेमकी एक खरी’ ही अट काढून टाकली तर मात्र चिठ्ठ्यांवरून काहीही सिद्ध होत नाही. कागदावर कुणीही काहीही लिहू शकतो.

फिरता आला की

परीक्षेत हल्ली तिसरा प्रकार घालतात: एक वाक्य खरं, पुढचं खोटं, असा आलटून-पालटून बोलणारा. क्लासात ‘आल्टरनेटर’ म्हणतात, आपण फिरता म्हणू. अट नीट वाचा. दोन वाक्यं असतील तर १० किंवा ०१ एवढंच शक्य. चार असतील तर १०१० किंवा ०१०१, पण ११०० चालणार नाही. ‘कधी खरं, कधी खोटं’ असं दिलं असेल तर हा क्रम लागू नाही.

गिऱ्हाइकाचं पाकीट तिघांपैकी एकाकडे आहे. तिघांत एक सच्चा, एक लबाड, एक फिरता.

कीसवाला: ‘पाकीट माझ्याकडे नाही. ते गराडूवाल्याकडे आहे.’
गराडूवाला: ‘पाकीट माझ्याकडे नाही. ते जिलेबीवाल्याकडे आहे.’
जिलेबीवाला: ‘पाकीट गराडूवाल्याकडे नाही. ते कीसवाल्याकडे आहे.’

इथे ‘क सच्चा असेल तर…’ अशी सुरुवात केली तर तिघांना तीन भूमिका वाटायचे सहा प्रकार होतात. त्याऐवजी घटना धरा. पाकीट कुणाकडे आहे ह्याच्या तीनच शक्यता आहेत, आणि एक धरली की सहाही वाक्यांना लगेच १ किंवा ० देता येतो.

पाकीट क कडे: क ००, ग १०, ज ११. एक लबाड, एक फिरता, एक सच्चा. जुळतं.
पाकीट ग कडे: क ११, ग ००, ज ००. लबाड दोन, फिरता नाही. बाद.
पाकीट ज कडे: क १०, ग ११, ज १०. फिरते दोन, लबाड नाही. बाद.

पाकीट कीसवाल्याकडे, आणि तोच लबाड.

कोडं रचणाऱ्यांसाठी ह्यात एक धडा आहे. जिलेबीवाल्याचं पहिलं वाक्य बदलून इतरांसारखंच ‘पाकीट माझ्याकडे नाही’ असं करा. वाचायला ते जास्त सुबक वाटतं, पण मग तिन्ही शक्यता जुळतात. पाकीट कुणाकडेही असू शकतं! तिन्ही पात्रं एकाच साच्यातलं बोलली, की एकाला दुसऱ्यापासून वेगळं करणारं काही उरत नाही. गणेशोत्सवातल्या स्पर्धेसाठी वगैरे कोडं रचताना आधी उत्तर ठरवा, मग वाक्यं लिहा, आणि शेवटी आपलं उत्तर विसरून सगळ्या ओळी तपासा. ठरवलेलं उत्तर बसतं एवढ्यावर समाधान मानलं, की स्पर्धेत तीन जण तीन वेगळी उत्तरं घेऊन येतात आणि तिघेही बरोबर असतात.

उलट बाजू: प्रश्न आपण विचारायचा

फाट्यावर दोन रस्ते, एक उज्जैनला जातो, एक देवासला. तिथे एक माणूस उभा आहे, सच्चा की लबाड ठाऊक नाही. एकच प्रश्न, उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’.

‘डावा रस्ता उज्जैनचा का?’ असं विचारून उपयोग नाही, लबाड उलटं सांगेल. त्याच्या खोट्यावर त्यालाच आणखी एकदा खोटं बोलायला लावायचं: ‘डावा रस्ता उज्जैनचा का, असं मी तुला विचारलं, तर तू हो म्हणशील का?’

सच्च्याचं सरळच आहे. लबाडाचं बघा. डावा खरंच उज्जैनचा असेल, तर साध्या प्रश्नाला तो ‘नाही’ म्हणाला असता. आता आपण विचारतोय, ‘हो म्हणशील का?’ खरं उत्तर ‘नाही’, म्हणून तो ‘हो’ म्हणतो. दोनदा उलटलं की सुलटं होतं. ‘हो’ आलं तर डावा, ‘नाही’ आलं तर उजवा, माणूस कोणीही असो.

आपल्याकडे आणखी एक पंचाईत असते: माणूस तोंडाने काही न बोलता मान हलवतो, आणि त्या हलवण्याचा अर्थ हो की नाही तेच कळत नाही. तीही अडचण ह्याच साच्यात सुटते. विचारा, ‘डावा रस्ता उज्जैनचा का, असं विचारलं तर तू मान उभी हलवशील का?’ मान उभी हलली तर डावा, आडवी हलली तर उजवा. उभीचा अर्थ हो असो वा नाही, माणूस सच्चा असो वा लबाड, चारही जोड्या तपासून बघा. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉर्ज बूलोस यांनी १९९६ मध्ये मांडलेलं, हीच अडचण असलेलं ‘जगातलं सर्वांत अवघड तर्ककोडं’ ह्या साच्याने पुष्कळ सोपं होतं.

त्या कोड्यातली दुसरी अडचण म्हणजे लहरी माणूस, मनात येईल ते हो किंवा नाही ठोकणारा. त्याला काहीही विचारा, हाती काही लागत नाही. म्हणून आधी लहरी नसलेला एक जण हुडकायचा. फाट्यावर क, ग आणि ज उभे आहेत आणि त्यांच्यात नेमका एक लहरी आहे असं समजा. ग ला विचारा, ‘ज लहरी आहे का, असं विचारलं तर तू हो म्हणशील का?’ उत्तर ‘हो’ आलं, तर एक तर ग स्वतः लहरी आहे, नाही तर ज. दोन्हीकडून क सुटला, रस्ता त्याला विचारा. ‘नाही’ आलं, तर ज लहरी नाही. कारण ग लहरी नसेल तर त्याच्या उत्तरावर भरवसा ठेवता येतो, आणि ग च लहरी असेल तर ज लहरी असायचा प्रश्नच नाही. मग रस्ता ज ला विचारा. दोन प्रश्नांत उज्जैनचा रस्ता मिळतो, आणि तिघांत सच्चा कोण ते शेवटपर्यंत कळत नाही, कळायची गरजही पडत नाही.